आधी गार्ड बोलतो

शनिवार, ७ सप्टेंबर

प्रारंभीच क्षमा मागते. कोणाची, हे मात्र मला नीटसे ठाऊक नाही. ज्या माणसांनी चाळीस वर्षे स्वतःच्या हातांनी रूळ वाकवले, इंजिने घडवली, त्यांच्याविषयी भिंतीत खिळाही सरळ न ठोकता येणाऱ्या मुलीने लिहावे, हे धाडसच आहे. तरी आज ते पत्करून बसले. हिनोसावाच्या लघुरेल्वे मंडळाला येत्या तीन नोव्हेंबरला चाळीस वर्षे पूर्ण होतात, आणि मंडळाचा इतिहास मी लिहावा असे ठरले आहे. नकाराचे वाक्य घरून पाठ करून गेले होते. ते उच्चारण्याची संधीच आली नाही.

"माझी जपानी पुस्तकी आहे," एवढेच मी म्हणाले.

"म्हणूनच तर," अध्यक्ष कुरोइवा म्हणाले. "आमच्यातला कोणी लिहायला बसला तर तो फक्त स्वतःच्या इंजिनाचं लिहील. तुम्ही सहा वर्षं गावच्या ग्रंथालयात जुने कागद लावताय, आणि इंजिनातलं तुम्हाला काडीचं कळत नाही. याहून बरा माणूस कुठून आणायचा?"

"टेंबे-सान, हा मोठा गौरव समजा," होसोमी म्हणाले. पुलाजवळचे तोफूचे दुकान त्यांचे. "मला अजून एकदाही बरा माणूस म्हणाले नाहीत."

"तू नाहीसच. तू तोफूवाला आहेस."

अध्यक्ष एक्याऐंशी वर्षांचे, मंडळाचे संस्थापक, निवृत्त दंतवैद्य. 'कामोशिका' हे इंजिन त्यांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत नऊ वर्षे खपून घडवले. कामोशिका म्हणजे इथल्या डोंगरांतली रानबकरी. इंजिन माझ्या गुडघ्याएवढे, रुळांतले अंतर अर्ध्या वितीहून थोडे जास्त. पण आत खरा कोळसा जळतो, खरी वाफ होते आणि मागे फळीच्या डब्यांवर दोन्हीकडे पाय टाकून बसलेली वीस माणसे ते ओढून नेते. निघताना अध्यक्ष म्हणाले, "तीन तारखेची पहिली गाडी कामोशिका ओढणार आणि ती मी चालवणार. शेवटचं पान त्यासाठी रिकामं ठेवा."

हे ऐकताच बाकीच्यांनी आपापल्या चहाच्या पेल्यांत पाहिले. मला ते खटकले.

आणखी एक गोष्ट. बोलताना अध्यक्ष माझ्याकडे पाहत नाहीत. माझ्या डाव्या कानापलीकडे कुठेतरी पाहतात. अविश्वास दाखवण्याची ही सभ्य रीत असावी.

रविवार, १५ सप्टेंबर

महिन्यातून एका रविवारी जुन्या रेशीम गिरणीच्या आवारातला हा मार्ग गावातल्या मुलांसाठी खुला असतो. आज मी सकाळपासून तेथे होते.

पहिली गाडी अध्यक्षांची. पांढरे हातमोजे, काळी टोपी, पाठ ताठ. शेवटच्या डब्यावर गार्ड म्हणून इझावा. हे चौपन्न वर्षांचे, गावात मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवतात, मोजके बोलतात. मुलांची रांग इंजिने ठेवण्याच्या छपरीच्या बाहेरपर्यंत गेली होती. तरी त्या गाडीत एकही मूल बसले नाही. होसोमी रांगेच्या तोंडाशी उभे राहून तळलेल्या तोफूचे तुकडे वाटत होते.

"आधी खा, मग बसा. पहिली गाडी सभासदांची असते. जुनी प्रथा आहे."

"आजोबा, मग आम्ही कधी?" एका मुलीने विचारले.

"दुसरी गाडी. ती जास्त जोरात जाते."

मी गेल्या चाळीस वर्षांची पत्रके वाचली आहेत. अशी प्रथा कोठेही नाही. उलट पहिल्या गाडीत सर्वांत लहान मुलाला पुढे बसवीत. म्हणजे संस्थापकाच्या गाडीत मुले बसूच नयेत, अशी कोणीतरी व्यवस्था केली आहे. अध्यक्ष रिकाम्या गाडीचे राजे झाले आहेत आणि ते त्यांना जाणवतही नाही, हे पाहून मला फार वाईट वाटले. दुसरी गाडी इझावांनी चालवली. ती मुलांनी भरून वाहत होती.

शनिवार, २१ सप्टेंबर

मात्सुए-सान ग्रंथालयात आल्या. मंडळातल्या त्या एकमेव स्त्री. पूर्वी शाळेत गणित शिकवीत, आता मंडळातल्या प्रत्येक बॉयलरची वार्षिक तपासणी करतात, आणि त्यांनी नापास केलेले इंजिन खुद्द अध्यक्षांचे असले तरी रुळावर येत नाही. त्यांनी चित्रफितींची पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

"सगळ्या बघा. शेवटच्या दोन वर्षांच्या तर नक्की."

"त्यांत विशेष काही आहे का?"

"ते तुम्ही शोधायचं. इतिहास तुम्ही लिहिताय."

कोणी एखादी गोष्ट इतक्या आग्रहाने दाखवू लागले की त्यामागे दुसरी काही झाकायची आहे काय, अशी शंका मला येतेच.

रविवार, २९ सप्टेंबर

आज दोन शोध लागले, आणि दोन्ही अस्वस्थ करणारे आहेत.

पहिला. मार्गावरचे दिव्यांचे सिग्नल अध्यक्षांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः बनवले होते. लाल आणि हिरव्या काचा, मागे बारीक दिवे. ते सर्व आता छपरीत एका खोक्यात पडून आहेत. त्यांच्या जागी रुंद पिवळे हात आले आहेत, वर-खाली होणारे, भाताच्या मोठ्या उलथन्याएवढे. मी इझावांना कारण विचारले.

"तारा उंदरांनी खाल्ल्या."

"सगळ्या?"

"भूक होती त्यांना."

त्यांची पाठ वळल्यावर मी खोके उघडले. तारा धडधाकट होत्या.

दुसरा शोध चित्रफितींतला. येथे चालक सिग्नल दिसताच त्याकडे बोट रोखून मोठ्याने त्याची स्थिती सांगतो, आणि गार्ड मागून तेच पुन्हा म्हणतो. डोळा, बोट आणि जीभ एका गोष्टीवर एकत्र आली की चूक होत नाही, ही त्यामागची कल्पना. खऱ्या रेल्वेतली ही शिस्त या मंडळाने पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळली आहे. जुन्या सर्व फितींत क्रम एकच: "सिग्नल मोकळा," असे अध्यक्ष म्हणतात, "सिग्नल मोकळा," असे गार्ड. "सांधा सरळ." "सांधा सरळ." सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा.

गतवर्षीच्या एप्रिलपासून हा क्रम उलटला आहे. आधी इझावांचा आवाज येतो, चांगला खणखणीत. मग अध्यक्ष बोट उचलतात आणि तेच म्हणतात.

ज्या देशात धाकटा माणूस थोरल्याआधी पेला ओठांना लावीत नाही, तेथे गार्ड चालकाच्या आधी बोलतो, आणि कोणी आक्षेपही घेत नाही. हा उद्धटपणा नव्हे तर काय? फीत मी पुनःपुन्हा मागे नेऊन ऐकली. इझावांचा स्वर उद्धट वाटला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पण कारस्थान करणारी माणसे सौम्यच बोलत असावीत.

रविवार, ६ ऑक्टोबर

आता संशयाला जागा उरलेली नाही, असे मला वाटते.

सकाळी छपरीत कोणी नव्हते. शेवटच्या डब्याखाली एक बारीक तारेची दोरी दिसली. ती सर्व डब्यांच्या खालून पुढे इंजिनापर्यंत जाते. तिचे मागचे टोक इझावांच्या आसनाखाली, एका मुठीला बांधलेले. मी मूठ हळूच ओढली. पुढे कामोशिकाचा वाफ सोडणारा दांडा आपोआप मिटला आणि चाकांवर ब्रेक बसला.

म्हणजे अध्यक्षांच्या हातातली गाडी मागे बसलेला माणूस वाटेल तेव्हा थांबवू शकतो, त्यांना न विचारता.

मी फळ्यांच्या ढिगामागे उभी असतानाच इझावा आणि मात्सुए-सान आत आले.

"तीन तारखेपर्यंत तरी त्यांना कळता कामा नये," इझावा म्हणाले.

"आणि तीन तारखेला? त्या दिवशी महापौर येणार, म्हणून पहिल्या गाडीत मुलं बसवा असं त्यांनी स्वतः सांगितलंय. तिथे होसोमीचा तोफू चालायचा नाही."

"ठाऊक आहे."

"मग कोणीतरी सांगायला हवं."

"तुम्ही सांगा. तुम्ही त्यांचं बॉयलर नापास केलंत तेव्हा ते तुम्हाला काही बोलले नव्हते."

"बॉयलर वेगळं. तू सांग. तुला त्यांनी शिकवलंय."

"म्हणूनच नाही सांगता येत."

मी शिंकले. दोघेही वळले आणि यंदा तेंडूफळे लवकर पिकली, या विषयावर बोलू लागले. "पिकली आहेत," असे मीही म्हणाले.

चाळिसाव्या वर्षी, सर्व गावासमोर, एका वृद्ध माणसाच्या हातून त्याची गाडी काढून घेतली जाणार आहे. हे मला एकटीला कळले आहे, आणि मला तर दुकानात सुटे पैसे चुकीचे आले तरी बोलवत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

प्रत्यक्ष सांगण्याचे धैर्य मला नाही. पण लिहिता येते. पाचव्या प्रकरणात, 'कार्यपद्धती' या मथळ्याखाली, एक परिच्छेद घातला आहे. त्यात आरोप नाही, विशेषण नाही, केवळ निरीक्षण. अध्यक्ष मजकूर तपासणार आहेतच. सुज्ञ माणसाला पुरेसे होईल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

अध्यक्षांच्या घरी गेले. पत्नी निवर्तल्यापासून ते एकटे राहतात. टेबलावर वर्तमानपत्र आणि त्यावर एक भलेमोठे भिंग. दातांत बारीक पाहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नसावी. चहा त्यांनी स्वतः ओतला. ओतताना पेल्याच्या कडेवर आत बोट धरून ठेवतात आणि चहा बोटाला लागला की थांबतात. चहापानाच्या एखाद्या जुन्या घराण्याची रीत असेल. वाचनात आलेली नाही, शोधले पाहिजे.

मजकूर पुढे केला तर म्हणाले, "वाचून दाखवा. तुमचा उच्चारही सुधारेल."

चार प्रकरणे त्यांनी मजेत ऐकली. पहिले रूळ पावसात वाहून गेले तिथे हसले. होसोमींच्या पहिल्या इंजिनाचे वर्णन दोनदा वाचायला लावले. "'ते चालले कमी आणि दुरुस्त झाले अधिक.' हे तसंच ठेवा हं. त्याला मी स्वतः वाचून— तुम्ही वाचून दाखवा."

मग पाचवे प्रकरण आले. माझा आवाज बारीक झाला, तरी वाचले: "पूर्वी चालक प्रथम सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती सांगे व गार्ड ती पुन्हा उच्चारी. गतवर्षीच्या वसंत ऋतूपासून हा क्रम बदलला असून आता आधी गार्ड बोलतो."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात पाने झाडल्याचा आवाज येत होता.

"पुन्हा वाचा."

वाचले.

"वसंत ऋतू? खात्री आहे?"

"एप्रिलपासूनच्या सगळ्या फितींत तसंच आहे."

"एप्रिल," ते म्हणाले. "मी तर समजत होतो की पावसाळ्यापासून."

मला अर्थ कळला नाही. पण बाण लागला, एवढे कळले. मी धीर एकवटून दिव्यांच्या सिग्नलांचे, दोरीचे, पहिल्या गाडीच्या बनावट प्रथेचेही सांगितले. एका दमात इतके बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. ऐकताना त्यांनी मान एका बाजूला वळवली होती, माझ्या कानापलीकडे पाहत.

"दोरी कुणी बसवली?"

"इझावा-सान यांनी असावी."

"काम नीट आहे?"

"मी ओढून पाहिली. लगेच थांबते."

"लगेच थांबते," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता घरी जा, टेंबे-सान. येत्या रविवारच्या सभेला या."

दारापर्यंत पोहोचवायला आले. भिंतीला हात लावत आले. त्यांना फार मोठा धक्का बसला असला पाहिजे.

सोमवार, १४ ऑक्टोबर

रविवारी इझावांना काढून टाकतील. मी योग्य तेच केले, असे स्वतःला अनेकदा सांगितले. आज संध्याकाळी सायकलची साखळी निसटली म्हणून थांबले तर इझावा गॅरेजमधून धावत आले, साखळी चढवली आणि पैसे घेतले नाहीत. मी आभार मानले. त्यांच्या डोळ्यांत पाहता आले नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

घडले ते जसेच्या तसे लिहिण्याचा यत्न करते.

छपरीत सर्व सभासद चटयांवर बसले होते. मी कोपऱ्यात. अध्यक्ष उभे राहिले. प्रास्ताविक केले नाही.

"माझ्या दोन्ही डोळ्यांतली मधली नजर गेली आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. समोर पाहिलं की तिथे धुराचा गोळा असतो. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर इंजिन सोडावं लागलं असतं. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी हात वर करा."

शाळेत उत्तर येत असतानाही मी कधी हात वर केला नाही. आज केला, कारण खोटे बोलणे जमले नाही. वर केल्यावर डावीउजवीकडे पाहिले.

"किती हात?" अध्यक्षांनी विचारले.

होसोमी म्हणाले, "एक. इतिहासकारांचा."

प्रथम कोणीतरी फुसकन हसले, मग सगळेच. मला जमिनीत जावेसे वाटले. अध्यक्ष हसले नाहीत.

"म्हणजे मी तुमच्यापासून लपवत होतो आणि तुम्ही माझ्यापासून. आणि सिग्नल मला दिसत नाहीत हे पावसाळ्यात माझ्या ध्यानात आलं, त्याआधीच तुम्ही सुरू केलंत. इझावा, एप्रिलमध्ये काय झालं होतं?"

इझावांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "तुम्ही बंद सिग्नलला मोकळा म्हणालात. सांधा अजून फिरलेला नव्हता. मी ब्रेक मारला. तुम्हाला वाटलं, रुळावर पान आलं."

"मला आठवतंय. पानाला शिव्या दिल्या होत्या."

"हो."

"दीड वर्ष माझ्या पाठीमागे बसून—"

"पाठीमागे बसणं हेच गार्डचं काम आहे," इझावा म्हणाले. इतके मोठ्याने ते बोलतात हे मला ठाऊक नव्हते.

"म्हणजे गाडी मी चालवतच नव्हतो."

"चालवत होतात. चढावर वाफ कधी सोडायची, उतारावर कधी तोडायची, ते मला अजून जमत नाही. मी फक्त बघत होतो."

"आणि मुलं एकदाही बसवली नाहीत," मात्सुए-सान म्हणाल्या. "बाकी आमचं काही चुकलं असेल, तेवढं चुकलं नाही."

"पहिली गाडी सभासदांची, ही प्रथा?"

"प्रथा कसली," होसोमी म्हणाले. "दीड वर्ष तळून तळून माझं तेल संपलं."

आता अध्यक्ष हसले, थोडेसे. मग टोपी काढून चटईवर ठेवली.

"तीन तारखेला मुलं बसतील. गाडी इझावा चालवेल."

"मी नाही चालवणार," इझावा म्हणाले.

"मग कोण? टेंबे-सान?"

"तुमची गाडी आहे."

"माझी आहे म्हणूनच सांगतोय. त्या दिवशी तू माझ्या मागे बसलास आणि तुझा हात दोरीवर पोहोचायला क्षणभर उशीर झाला, तर मी काय करू? पान आडवं आलं म्हणून सांगू?"

इझावांनी मान खाली घातली, इतकी की कपाळ चटईला टेकले. अध्यक्ष म्हणाले, "कामोशिका पेटवा. आज मुलं नाहीत. शेवटची फेरी मी नेतो. ज्याला भीती वाटत नाही तो बसेल."

सगळे बसले. मीही बसले. लहान मुलांसारखी, दोन्हीकडे पाय टाकून, एकमेकांच्या कमरेला धरून बसलेली ही वृद्ध माणसे. इझावा मागून सिग्नल सांगत गेले आणि अध्यक्ष बोट दाखवून तेच म्हणत गेले. आता दोघांनाही ठाऊक होते की दुसऱ्याला ठाऊक आहे. बोगद्यानंतरच्या चढावर त्यांनी वाफ सोडली तेव्हा माझ्या पुढे बसलेले होसोमी पुटपुटले, "बघ, कशी उचलतो. बघ." गाडी जागेवर अचूक थांबली.

सोमवार, २१ ऑक्टोबर

उद्धट समजले तो क्रम उद्धट नव्हता. आता वाटते की मला सोडून साऱ्या गावाला हे दिसत होते. तरी एक शंका जात नाही, ती उद्या विचारीन.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

मात्सुए-सान यांना विचारले, "त्या फिती तुम्ही मला मुद्दाम दिल्या होत्या का? त्यांना सांगण्याचं धैर्य तुमच्यापैकी कोणालाच नव्हतं, आणि मी जे दिसेल ते लिहीन, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून?"

त्यांनी पुस्तक परत केले, दुसरे घेतले, आणि म्हणाल्या, "तुम्ही फार वाचता, टेंबे-सान."

होय की नाही, ते सांगितले नाही. मी वापरली गेले, अशी माझी समजूत आहे. राग आला पाहिजे. येत नाही, हेही संशयास्पदच.

रविवार, ३ नोव्हेंबर

पहिली गाडी मुलांनी भरली. इझावा पुढे, मात्सुए-सान मागे. अध्यक्ष फलाटावर, मुलांना काखेत धरून उचलत आणि डब्यावर बसवत. कोण कितवीत आहे, कोणाचा दात पडला, हे विचारत. पडलेल्या दाताची जागा ते बोटाने चाचपून सांगत होते की नवा केव्हा येईल. मुले रांगेने तोंडे उघडून उभी राहिली, आणि गाडी त्यामुळे उशिरा सुटली.

ती दिसेनाशी झाल्यावर ते कठड्याला धरून ऐकत राहिले. गाडी परत येताच इझावांना म्हणाले, "चढावर दांडा उशिरा ओढलास."

"हो."

"दुसऱ्या फेरीला बोगद्याच्या तोंडाशीच ओढ. इंजिन हमालासारखं धापा टाकत होतं."

"हो."

"आणि हो हो करू नकोस. ओढ."

महापौर भाषण करीत होते. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

संपूर्ण इतिहास अध्यक्षांना शेवटचा वाचून दाखवला. शेवटच्या पानावर लिहिले आहे की चाळिसाव्या वर्धापनदिनी पहिली गाडी इझावा यांनी चालवली. यावर त्यांनी मान डोलावली. मी कागद आवरू लागले.

"पाचव्या प्रकरणातलं वाक्य कुठे गेलं?"

ते मी काढून टाकले होते. पुस्तक गावात सर्वत्र वाटले जाईल. कोणी क्रमाचे कारण विचारील. त्यांना लाज वाटेल, असे मला वाटले होते. तसे अडखळत सांगितले.

"लाज मला वाटायची आहे ना? मग ती मी बघतो." त्यांनी पेल्याच्या कडेवर बोट धरून माझ्यासाठी चहा ओतला. "तुम्ही परत घाला ते. वसंत ऋतूपासून, असंच. पावसाळा नको. आमच्या मंडळात दयाळू माणसं आधीच फार झालीत. एकाने तरी दिसेल ते लिहावं."

चहा काठोकाठ आला होता. मी तो सांडू न देता प्याले, घरी आले, वाक्य होते त्या जागी पुन्हा ठेवले. त्यात एकही शब्द बदलला नाही.

छपाईसाठी पाठवले: सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी.